बाइकच्या मागच्या चाकाचा एक्सल जाम झालाय, ठोकूनही निघत नाही, काय करू?

भाऊ, पहिले हातोडा खाली ठेवा. पंक्चरसाठी चाक काढायला गेले, नट निघाला पण एक्सल, म्हणजे चाकाच्या मधातून आरपार जाणारी दांडी, दोन दिवसांपासून हलून नाही राहिला आन आता आटे बसून राहिले, असं लिहिलं ना तुम्ही, मी मागच्या पावसाळ्यात सेम हेच केलं. उघड्या आट्यांवर सरळ हातोडा. टोक खिळ्याच्या डोक्यासारखं फाकलं, मंग गंज ऱ्हायला बाजूला, ते फाकलेलं टोकच भोकातून जाईना. शेवटी एक्सा ब्लेडनं कापला, अर्धा दिवस गेला त्यात.

म्हणून नट परत चढवा, एक्सलच्या टोकाच्या बरोबरीत येईपर्यंत, म्हणजे मार नटावर बसते आन आटे वाचतात. मधात बाभळीचा ठोकळा नाहीतर पितळेचा तुकडा धरा.

पण त्याच्याही आधी एक्सल फिरवून पहा. डोक्याकडून रिंग पाना लावा, पाना लहान वाटला तर पाइप घाला, दोन्हीकडं उलशिक उलशिक. बाजूच्या कॉलरवर, म्हणजे चाकाच्या बाजूला एक्सलवर चढवलेल्या लोखंडी नळीवर, आन एक्सलवर मिळून खडूची एक रेघ मारा. रेघ जशीच्या तशी सोबत फिरली तर कॉलर अजून धरून बसली आहे, रेघ तुटली तर तिथला गंज सुटला. लोक हे करतच नाहीत, सरळ ठोकतात, अन् माझ्या मते काम इथंच होते.

तेल म्हणाल तर डब्ल्यूडी-४० असलं तर बरं, नसलं तर ट्रॅक्टरचं डिझेल चालते, पण रात्रभर मुरू द्या आन मधून मधून हलकं ठोका, त्या हादऱ्यानं तेल आत उतरते. ब्रेकच्या बाजूनं मात्र ओतू नका, लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर, गेलं की ब्रेक गेलाच समजा.

कोणी म्हणन गॅसनं तापवा. हबमधून, म्हणजे चाकाच्या ॲल्युमिनिअमच्या मधल्या भागातून, बेअरिंग काढायचं असन तर ठीक, कारण ॲल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते, पण इथं एक्सल लोखंडी, कॉलर लोखंडी, बेअरिंगची आतली रिंगही लोखंडीच, मंग सगळं मिळून तापलं तर सारखंच फुगते, सुटणार काय? उलट बेअरिंगचं ग्रीस जळते, सील जाते, आन पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर.

ठोकताना गाडी हलली तर मार वाया जाते, म्हणून पलीकडून एकाला स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्याला, ठोकळा लावून दाबून धरायला सांगा. लहान हातोडीनं टुकटुक करण्यापेक्षा दोन किलोचा घन घ्या, मोजके मार द्या. नट स्विंगआर्मला टेकला की काढून टाका आन एक्सलपेक्षा बारीक सळईनं पुढं ढकला.

माह्या गाडीचं कारण तर उघडंच होतं, युरियाची पोती मागं बांधून वावरात नेतो, फाटकं पोतं सांडते, त्यावर काळ्या मातीचा चिखल बसते, तो खार आतच ओला राहते. नवीन एक्सल टाकला तेव्हा पूर्ण दांडीला ग्रीस चोपडलं, आता दिवाळीत एकदा काढून पाहतो.

फिरवल्यावर रेघ तुटते का नाही ते सांगा, मंग पुढचं पाहू.