कंपन्यांच्या पर्यावरण धोरणांमुळे कार्बन उत्सर्जन खरंच घटतं का, की त्यासाठी सरकारच चांगलं असावं लागतं?

मी एका लिस्टेड कंपनीच्या कारखान्यात ऊर्जेचा हिशेब बघतो. वीजबिलं, डिझेल, फर्नेस ऑइल आणि वर्षअखेरीस त्यातून निघणारा कार्बनचा आकडा. त्यामुळे कंपन्यांचे प्रयत्न सरसकट खोटे असतात असं मी म्हणणार नाही. कॉम्प्रेस्ड एअरची गळती बंद केली, जुन्या मोटारी बदलल्या की युनिट उतरतात, हे मी मीटरवर पाहिलंय. पण ज्या कामाचा पैसा दोन-तीन वर्षांत वसूल होत नाही, ते पुढच्या बजेटवर ढकललं जातं. तिथून पुढे सरकार कसं आहे, यावर सगळं अवलंबून.

मला सर्वांत पटलेलं उदाहरण तेलविहिरींचं आहे. तेलाबरोबर वायू वर येतो. तो वापरायचा तर पाइपलाइन हवी, जाळून टाकायला एक ज्योत पुरते. नॉर्वेने सुरुवातीपासूनच सुरक्षेची गरज वगळता वायू जाळू दिला नाही आणि १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर बसवला. स्लाइपनर क्षेत्रातल्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. विकण्याआधी तो काढणं भाग, हवेत सोडला तर कर. मग स्टॅटऑइलने (आजची इक्विनॉर) १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडायला घेतला, वर्षाला जवळपास १० लाख टन.

नायजेरियातही कायदा होता. १९७९ च्या त्या कायद्यानुसार १९८४ पासून परवानगीशिवाय वायू जाळणं बंद व्हायचं होतं. पण मंत्र्याच्या परवानगीची पळवाट ठेवलेली, आणि दंड इतका किरकोळ की पाइपलाइन टाकण्यापेक्षा तो भरणंच स्वस्त. २००५ मध्ये तिथल्या न्यायालयाने हे जाळणं जगण्याच्या हक्काचा भंग ठरवलं, तरी नायजरच्या त्रिभुज प्रदेशातल्या ज्वाळा विझल्या नाहीत. दोन्ही देशांत तेल काढणाऱ्या कंपन्यांत काही नावं तीच होती, हे मला फार अस्वस्थ करतं.

आपल्या शेजारचं उदाहरण कार्बनचं नाही, धूर आणि सांडपाण्याचं आहे, पण दुखणं तेच. गुजरातमध्ये प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानाच नेमायचा आणि पैसेही तोच द्यायचा. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर प्रयोग केला. कोणाकडे कोणता ऑडिटर जाणार हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरलं, मानधन सामायिक निधीतून आलं, मोजमापांची फेरतपासणी झाली. ऑडिटर खरे आकडे लिहू लागले, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीची माहिती देणारा वार्षिक अहवाल, सक्तीचा केलाय. तो वाचताना ‘उलाढालीच्या प्रति रुपया उत्सर्जन’ या ओळीवर थांबू नका. मालाचे भाव वाढले तरी तो आकडा खाली येतो, धुराडं तेवढंच ओकत असतं. स्कोप १ (कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन, जसं जाळलेल्या इंधनाचं) आणि स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन) यांची एकूण टनांची बेरीज बघा, मागच्या वर्षाशी ताडून. आणि ती बाहेरच्या कोणी तपासली आहे का, तेही तिथेच लिहिलेलं असतं.