सल्लागार ‘नको’ म्हणतोय, तरी पेन्शन हलवता येईल का?

प्रश्न : वय ५८. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात २२ वर्षं नोकरी केली. ६५व्या वर्षापासून वर्षाला १२,००० पौंड पेन्शन आहे, माझ्यामागे पत्नीला निम्मी. ती सोडली तर २,४०,००० पौंड माझ्या खासगी पेन्शन खात्यात जातात. मला मधुमेह आहे, आणि कंपनी बुडेल अशीही भीती वाटते. सल्लागाराने भरपूर फी घेऊन ‘हलवू नका’ असा रिपोर्ट दिला. आता पेन्शन योजना सांभाळणाऱ्या ट्रस्टींना लागणारा कागदही तो देत नाही. पैसे माझे, मग हा अडवणारा कोण?

उत्तर : कायद्याने तो तुम्हाला अडवू शकत नाही. एप्रिल २०१५पासूनचा नियम असा, की अशा हमीच्या पेन्शनची किंमत ३०,००० पौंडांहून जास्त असेल, तर हलवण्याआधी अधिकृत सल्लागाराचा सल्ला घ्यावाच लागतो. घ्यावा लागतो, ऐकावा लागत नाही. ट्रस्टींना हवा असलेला कागद म्हणजे ‘सल्ला दिला’ एवढंच सांगणारं प्रमाणपत्र. सल्ला होकाराचा होता की नकाराचा, याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि नियामक संस्थेच्या, म्हणजे एफसीएच्या, नियमांनुसार नकार देणाऱ्या सल्लागारानेही ते मागितल्यावर द्यायचं असतं. फक्त तुम्ही घेतलेला सल्ला पूर्ण होता ना, हे पाहा. ‘अब्रिज्ड’, म्हणजे संक्षिप्त, म्हणून जो स्वस्तात मिळतो, त्या सल्ल्यावर हे प्रमाणपत्र मिळत नाही.

मात्र पुढची सगळी धावपळ त्याने करून द्यावी, अशी सक्ती करता येत नाही. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्या गिऱ्हाईकाचं काम बऱ्याच सल्लागार फर्म घेतच नाहीत. पैसे घेणारी पेन्शन कंपनीही ‘सल्लागाराचा होकार दाखवा’ म्हणून दार लावू शकते, आणि तिच्यावर कोणाची जबरदस्ती नाही. म्हणून आधी घेणारी कंपनी लेखी तयार आहे का ते विचारा, मग बाकीचं.

आता मला खरी काळजी वाटते ती सहीची. फर्म तयार झालीच, तर ‘सल्ला समजला, तरी मी माझ्या जबाबदारीवर जातोय’ असं तुमच्याकडून लिहून घेईल. हे तुमच्या शब्दांत असायला हवं. काही ठिकाणी टाइप केलेला मजकूर येतो आणि खाली ‘इथे सही करा’ अशी पिवळी चिठ्ठी. त्यावर सही करू नका. २०१७च्या सुमारास ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीच्या पेन्शन योजनेतल्या हजारो कामगारांनी पेन्शन हलवली, आणि पुढे अनेकांना भरपाई मिळाली, कारण ‘हलवा’ हा सल्लाच चुकीचा होता. तुमचा सल्लागार ‘नको’ म्हणालाय. उद्या बाजार पडला तर ओम्बड्समनपुढे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेपुढे, तुमची बाजू फार लंगडी असेल.

तो स्वतःची कातडी वाचवतोय, अशी तुम्हाला शंका आहे. थोडी खरी असेल. पण ऑक्टोबर २०२०पासून, मोजके अपवाद सोडले, तर ‘पेन्शन हलवलीत तरच फी’ असा व्यवहार बंद झालाय. त्यामुळे ‘नको’ म्हणून त्याची सल्ल्याची फी वाढलेली नाही. तो रिपोर्ट एकदा शांतपणे वाचा, शक्यतो पत्नीला शेजारी बसवून. निम्मी पेन्शन तिची जाणार आहे आणि तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही.

कंपनी बुडण्याच्या भीतीसाठी तर हलवूच नका. पात्र योजनांमागे पेन्शन प्रोटेक्शन फंड उभा असतो; निवृत्तीच्या वयाआधी कंपनी बुडाली तर पेन्शनच्या साधारण ९०% भरपाई मिळते, पुढची दरवर्षीची वाढ मात्र कमी. मधुमेहाचं कारण वजनदार आहे, कारण आयुष्य कमी असेल तर आयुष्यभराच्या पेन्शनचा फायदाही कमी; पण तो किती गंभीर, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन सल्लागाराला दिलंत का? दिलं नसेल तर आधी ते द्या. त्याचं उत्तर बदलूही शकतं.

तरीही जायचंच असेल, तर ट्रस्टींच्या पत्रावरची तारीख पाहा. तो २,४०,०००चा आकडा तीन महिनेच पक्का असतो, आणि तेवढ्यात अर्ज व प्रमाणपत्र दोन्ही पोचायला हवेत. प्रमाणपत्र आजच ईमेलने मागा. टाळाटाळ झाली तर फर्मकडे लेखी तक्रार करा. उत्तरासाठी तिला आठ आठवडे असतात, त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं. आठ आठवडे म्हणजे तुमच्या तीन महिन्यांतले जवळजवळ दोन, हे हिशेबात धरा.