नोटिशीच्या मागे लागू नका, 18 मार्चच्या आत तक्रार दाखल करा

प्रश्न: 2023 च्या दिवाळीत पुण्यात फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं. ड्रेन पंप (मशीनमधलं पाणी बाहेर टाकणारा) दोनदा वॉरंटीत बदलून मिळाला. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर ‘पंपात नाणं अडकलं होतं’ असं कारण देऊन कंपनीने 18 मार्च 2024 च्या ईमेलने दुरुस्ती नाकारली. आता आम्ही नाशिकला राहतो. आधी वकिलाची नोटीस पाठवावी का? मशीन बदलून मिळेल का?

उत्तर: ताई, पाणी कसं तुंबतं, दार कसं उघडत नाही, हे तुम्ही दोन पानं भरून लिहिलंत. ज्या तारखेवर सगळं अवलंबून आहे, ती मात्र शेवटी जाता जाता सांगितलीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. नकाराचा ईमेल 18 मार्च 2024 चा, म्हणजे मुदत 18 मार्च 2026 ला संपते आणि तुमच्या हातात जेमतेम काही आठवडे आहेत.

नकार लेखी आल्यावरही तुम्ही कंपनीच्या ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ या उत्तरावर महिनोन्‌महिने थांबलात. असं पत्र आलं की जीव तुटतो, कारण बाजू खरी असलेली माणसंच अशी मुदत घालवून बसतात. फोन, ईमेल, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरची नोंद, वकिलाची नोटीस, यातल्या कशानेही ही मुदत थांबत नाही. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत ग्राहक आयोगाने (तक्रारीचा निवाडा करणाऱ्या ग्राहक न्यायालयाने) स्वतः तपासायची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज (2009) या निकालात 1986 च्या जुन्या कायद्याखाली सांगितलं आणि नव्या कायद्यातली तरतूदही तशीच आहे. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘कस्टमर केअर आश्वासन देत होतं’ हे पुरेसं कारण ठरेलच याची खात्री मी देणार नाही.

नोटीस सक्तीची नाही. पाठवायची तर आज पाठवा, उत्तराची वाट बघू नका. पुण्याला खेटे घालायचीही गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात किंवा ई-जागृती या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही पक्षकार करा.

नाण्याचं म्हणाल तर, काही महिन्यांत दोन पंप गेले ही तुमची जमेची बाजू आहे. पण ‘बाहेरची वस्तू आढळली’ असं लिहिलेल्या जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) तुम्ही न वाचता सही केलीत, ती आडवी येणार. त्यामुळे मशीन बदलून मिळेल की फक्त दुरुस्ती, हे आत्ता सांगता येत नाही. ‘मोटरला दहा वर्षं वॉरंटी’ असं तुम्ही लिहिलंत, त्यावर तर मुळीच विसंबू नका. ती बहुधा ड्रम फिरवणाऱ्या मोटरची असते. कार्ड नीट वाचा.

मशीनमध्ये आत्ता असलेला पंप कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून काढून घेऊ नका. तो प्रयोगशाळेत तपासावा अशी मागणी तक्रारीतच करा. तपासणी असेल तर पाच महिन्यांत, नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि लोकांची वर्षं जातात, हे संतापजनक आहे. तेव्हा तोवर कपड्यांची दुसरी सोय बघा आणि बिल, दोन्ही दुरुस्त्यांच्या जॉबशीट आणि तो ईमेल या आठवड्यातच एकत्र करा.