कटरच्या चेनला थंडीत कुठलं ऑईल, उन्हात कुठलं, आणि दुकानदाराचं किती ऐकायचं

मागच्या पंधरा दिवसांत कटर मशीनचे, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलवरच्या चेन-सॉचे बरेच प्रश्न आले, त्यातले दोन तर एकमेकांच्या उलटे. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडचा एक काजूवाला भाऊ म्हणतोय, सकाळी सातला मशीन चालू केलं की चेनवर ऑईलच येत नाही, दुकानदार सांगतोय रॉकेल मिसळा. निपाणीकडचे एक काका म्हणतात, एप्रिलात नीलगिरी पाडताना धूर निघाला, पट्टी (जिच्या खाचेतनं चेन फिरते ती लांब पाती) तापून निळी पडली, त्यांचा दुकानदार सांगतोय गियरचं ९० नंबरचं ऑईल घाला, नाहीतर ट्रॅक्टरचं काळं ऑईल पडलंय की घरात, ते घाला, फुकट आहे.

दोन्ही दुकानदार चूक. आधी काळ्या ऑईलचं बोलतो, कारण ते दर दुसऱ्या मशीनात बघतोय. इंजिनातनं काढलेल्या ऑईलमध्ये लोखंडाचा बारीक चुरा, काजळी आणि आम्ल असतं. ते आधी ऑईल टाकीतली जाळी बुजवतं, मग पंप खातं, मग पट्टीची खाच घासतं. चेन फिरताना त्याचे बारीक थेंब उडतात ते तुमच्या तोंडावर, हातावर आणि श्वासात, आणि त्यात कर्करोग करणारे घटक असतात. उरलेलं जातं जमिनीत आणि झाडाच्या ताज्या कापावर. फुकटचं ऑईल म्हणून पट्टी, चेन आणि पंप तिन्ही विकत आणायला लागतात, ते परत त्याच दुकानातनं. तो कशाला नको म्हणेल?

आता जाड-पातळचं. चेनचं ऑईल इंजिनसारखं आत फिरत राहत नाही, एकदा चेनवर गेलं की उडून संपलं. म्हणून त्यात चिकटपणा आणणारं औषध घातलेलं असतं, दोन बोटांत धरून बोटं लांब केली की तार सुटते बघा, तेच खरं चेन ऑईल. नवीन इंजिन ऑईल अडीअडचणीला एखादा दिवस चालतंय, पण त्याला तार नाही, पट्टीच्या टोकाला वळतानाच निम्मं उडून जातं. डब्यावर व्हीजी (VG) नंबर बघा, तो ऑईलच्या जाडीचा आकडा, नंबर मोठा तेवढं ऑईल जाड. खानापूर, कणकुंबी, जांबोटी या घाटाकडच्या भागात व्हीजी १०० वर्षभर चालतंय. चिकोडी-अथणीकडं मार्च ते मे ऊन ३८-४० ला जातंय, तिकडं तेवढे तीन महिने व्हीजी १५० घ्या, बाकी १०० च. बास, एवढंच.

'विंटर ग्रेड' म्हणून पातळ ऑईलचा डबा कुणी हातात दिला तर परत द्या. ते बर्फ पडतो त्या देशांसाठी केलेलं आहे, शून्याच्या खाली साधं ऑईल घट्ट होऊन पंपाला ओढत नाही म्हणून. तिकडं लोक रॉकेल मिसळतात तेही त्याचसाठी. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२-१४ अंश, त्याला कसलं रॉकेल? रॉकेल घातलं की ऑईलची तार तुटते, आणि तेच मिश्रण दुपारी उन्हात पाण्यासारखं वाहून चेन कोरडी पडते. सकाळी ऑईल जड वाटलं तर डबा अर्धा तास उन्हात ठेवा, मशीन दोन-तीन मिनिटं सावकाश चालू द्या, मग लाकडाला लावा.

जांबोटीच्या भावाला मी विचारलं टाकीत काय आहे, तर उत्तर आलं ९०! मग कुठनं येणार ऑईल. गियरच्या ९० चा आकडा बघून घाबरू नका आणि भुलूही नका, गियरचे आकडे वेगळ्या मापाचे, ते ९० म्हणजे इंजिनच्या ४०-५० एवढंच जाड, पण थंड सकाळी छोट्या पंपाला तेवढंही जड जातं. आणि निपाणीच्या काकांची पट्टी निळी पडली ती ऑईल पातळ म्हणून नाही, ऑईलचं भोक भुशानं बुजलेलं होतं म्हणून. त्यात जाड घातलं असतं तर होतं तेवढंही आलं नसतं. धार गेली तरी धूर निघतो, भुसा पिठासारखा पडायला लागला की ऑईलला दोष देऊ नका, कानस घ्या.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, पुठ्ठ्याची रेघ बघा. पट्टीचं टोक पुठ्ठ्यापासून किंवा पांढऱ्या खोडापासून वीतभर लांब धरा, टेकवू नका, अर्धा रेस द्या, थोड्या वेळात ऑईलची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली तर कामाला लागा. नाही उमटली तर बंद करा, पट्टी काढा, खाच आणि भोक तारेनं साफ करा, परत बघा. दर टाकीला हे करा, अर्धं मिनिट लागतंय. दुसरी खूण टाकीची, पेट्रोल संपेपर्यंत ऑईलपण संपत आलं पाहिजे. पेट्रोल संपलं आणि ऑईल भरलेलंच, म्हणजे तुम्ही टाकीभर कोरडी चेन चालवली. आणि पेट्रोल भरताना ऑईलही भरायचं, दरवेळी.

टू-टीचंही, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या इंजिन ऑईलचंही तेच. मशीनच्या पुस्तकात १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. दुकानदार म्हणतोय 'थोडं जास्तच घाला, इंजिनला बरं', नाही, बरं नाही! जास्त टू-टीनं प्लग काळा पडतो, सायलेन्सर काजळीनं बुजतो, मशीन दम सोडतं, आणि मग तोच दुकानदार नवा प्लग विकतो. माप घ्या, अंदाज नको. एकानं तर चेन ऑईलच पेट्रोलमध्ये मिसळलं होतं. दोन कॅन वेगळ्या रंगाचे ठेवा.

चेन गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर ढिली करा, थंड झाली की ती आखडते आणि पट्टी-शाफ्टवर ताण येतो. दरवेळी धार लावली की पट्टी उलटी करून लावा, दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

आणि जांबोटीच्या भावा, डिसेंबरात काजूच्या बागेत कटर कशाला? मोहर यायचा वेळ आहे. वाळकी फांदी काढा, हिरवीला हात लावू नका, छाटणी काढणी झाल्यावर. कापावर काळं ऑईल फासायची पद्धत सोडा, १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, लोखंडी भांड्यात करू नका. बांधावरचं सागवान वगैरे असेल तर आधी वनखात्याची परवानगी, मग कटर.

अनुदानाचं विचारणाऱ्यांना थोडक्यात: कर्नाटकच्या यांत्रिकीकरण योजनेत साधारण शेतकऱ्याला ५० टक्के, एससी-एसटीला ९० टक्के, मर्यादेपर्यंत. फ्रुट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी नंबर), उतारा, आधार, बँक पासबुक घेऊन आपल्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या केंद्रात जा, यंदाच्या यादीत कटर आहे का तिथंच बघा. आधी मशीन घेऊन मग अर्ज करू नका. ऑईलला अनुदान नाही, विचारू नका.

करंज किंवा सूर्यफुलाचं तेल चालतंय का, हाही एक प्रश्न होता. रोज चालणाऱ्या मशीनात चालतंय, पण पावसाळ्यात मशीन माळ्यावर टाकणार असाल तर ते आत सुकून डिंकासारखं होतं, पंप धरून बसतो. ठेवायच्या आधी ऑईलची टाकी रिकामी करा, तीत थोडं साधं चेन ऑईल घालून मशीन पाच मिनिटं चालवा, मग दोन्ही टाक्या रिकाम्या करा, चेन काढून ऑईलमध्ये बुडवून ठेवा.