मराठवाड्यात मुलांना हाताने काही करून पाहता येईल असं कलासंग्रहालय आहे का?

तुमची 9 वर्षांची मुलगी संग्रहालयात लगेच कंटाळते, तिला नुसतं बघायचं नसतं, काहीतरी करायचं असतं, असं तुम्ही लिहिलंय. तिला तेरच्या संग्रहालयात न्या, आणि परत आल्यावर लगेच बसता येईल अशी शाडूची माती घरी तयार ठेवा. मी लातूरला चित्रकला शिकवतो. माझ्या वर्गातल्या लेकरांसाठी माझी पहिली पसंती तेरच.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीकाठी. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण ओळखतो. त्यांची समाधी इथेच आहे. त्याच्याही कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळात, हे 'तगर' नावाचं मोठं व्यापारी नगर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते पैठणहून 10 दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, सापडणाऱ्या वस्तू जिवापाड जपून गोळा केल्या. आजचं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे.

इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघाच. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती 1938 साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली. पण मुलीला जास्त वेळ थांबवा ते केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांपाशी. केसांची रचना, कानातले, गळ्यातले, सगळं इवल्याशा चेहऱ्याभोवती इतकं रेखीव, की चित्र काढायला कागद-पेन्सिल हवीच. या बाहुल्या दुहेरी साच्यातल्या आहेत : पुढचा भाग एका साच्यात, पाठ दुसऱ्यात, आतून पोकळ. कुठे सांधा दिसतो का, हे तिला कडेने शोधू द्या. वस्तू काचेआड आहेत, हात लावता येत नाही. पण हे शोधायला लागलेलं लेकरू काचेपासून हलत नाही.

घरी आल्यावर तेच काम करायचं. एखाद्या छोट्या बाहुलीचे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे दोन साचे, पुढचा आणि मागचा, आधीच करून पूर्ण वाळवून ठेवा. मळलेल्या मातीची पातळ पोळी साच्यात अंगठ्याने दाबत जायचं, नाकाच्या खळग्यात आधी. दोन्ही कडांना ओरखडे पाडून पातळ माती लावायची आणि साचे एकमेकांवर घट्ट दाबून धरायचे. कोरडं प्लॅस्टर मातीतलं पाणी शोषतं, माती किंचित आकसते आणि बाहुली आपोआप सुटते. सांध्यावर बाहेर आलेली माती चाकूने तासायची. ते तासताना मुलं हमखास म्हणतात, "सर, त्या बाहुलीला पण असंच केलं असेल!" या एका वाक्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो.

सवड असेल तर वेगळ्या दिवशी पैठणला पैठणीचे माग बघा. पदराच्या नक्षीत प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते आणि रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून पदर उलटसुलट जवळपास सारखाच दिसतो. तिला दोन्ही बाजू बघायला सांगा. मागावरच्या धाग्यांना हात लावायच्या आधी मात्र विणकरांना विचारा.

संग्रहालयाचा सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्या. आणि घरी साचे भरताना पाठीचा तुम्ही भरा, चेहऱ्याचा तिला भरू द्या.