झेडएफएस पूल बांधण्याआधी डिस्कचा सेक्टर बघ

वाशीहून आणलेल्या नव्या डिस्क जुन्यांसोबत झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या एकाच पूलमध्ये, म्हणजे डिस्क जोडून केलेल्या साठ्यात, चालतील का विचारलंस. चालतील, पण घाई करू नकोस. आधी स्मार्टसीटीएल (डिस्कची माहिती दाखवणारी कमांड) चालवून प्रत्येकीचा सेक्टर, म्हणजे डिस्क वाचते-लिहिते तो सर्वात छोटा तुकडा, बघ. लॉजिकल (डिस्क बाहेर सांगते तो) ५१२ बाइट आणि फिजिकल (आत खरा असतो तो) ४०९६ दिसलं तर ती ५१२ई. दोन्हीकडे ४०९६ असेल तर अस्सल ४के.

झेडएफएसमध्ये ॲशिफ्ट, म्हणजे सेक्टर किती मोठा धरायचा तो आकडा, व्हीडेव (पूलमधला डिस्कचा गट) बनवतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. ९ म्हणजे ५१२ बाइट, १२ म्हणजे ४०९६. तू सरळ १२ ठेव. जुनी ५१२ची डिस्क १२वर सुखाने चालते. उलटं, म्हणजे अस्सल ४के ९वर, जमत नाही. नौपाड्यात माझ्या घरी ९चा मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) होता. एक डिस्क गेली, मी अस्सल ४के आणली, आणि रिप्लेस कमांडने ती घेतलीच नाही. मुलीच्या बारशाचे फोटो रात्रभर एकाच डिस्कवर. डोळ्याला डोळा लागला नाही रे. शेवटी नवा पूल करून सगळा डेटा हलवला.

१२मुळे बारीक फायलींना थोडी जास्त जागा लागते. लागू दे. ५१२ई डिस्क ९वर चालते खरी, पण छोटं काही लिहायचं तरी ती आधी पूर्ण ४०९६चा तुकडा वाचते, बदलते, परत लिहिते. वेग पार बसतो.

पूल झाला की झेडडीबी कमांडने ॲशिफ्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मगच फोटो टाक.