"त्या 23 जणांचे देवदूत काय रजेवर होते?"

"मॅडम, देवाने मला वाचवलं, मग बाकीच्यांना का नाही?" हा प्रश्न मी समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकलाय, लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर, पुरानंतर, कोविडमध्ये तर रोजच. म्हणून आज एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळख बदलून.

ती वसईची, नोकरी लोअर परळला. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस, धो धो पाऊस, मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. ही त्याच जिन्यात अडकली होती, कठड्याबाहेरून कुणीतरी ओढून काढलं. त्या दिवशी नेमका मायकल, गॅब्रिएल, राफाएल या देवदूतांचा सण, त्यामुळे आई म्हणाली देवदूतानेच उचललं तुला. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी बायबलातलं स्तोत्र 91 पाठवलं, तुझ्या बाजूला हजार पडले तरी तुला काही होणार नाही वगैरे. प्रार्थनासभेत साक्ष दे, म्हणजे देवाने कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांग, म्हणून मागे लागले तेव्हा ही उठून गेली, ती मिस्सालाच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेलाच, यायची बंद झाली.

माझ्याकडे आल्यावर पहिलंच वाक्य, "त्या 23 जणांचे देवदूत काय रजेवर होते?"

मी म्हटलं, "हे असंच्या असं देवाला विचार."

तिला वाटलं मी समजूत घालणार. मी ती घालत नाही, दुःखात असलेल्याला उत्तर द्यायची घाई करू नये हे माझं जुनं मत. तिला स्तोत्र 88 वाचायला दिलं, ते शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच आहे. "हे पण बायबलात आहे?" म्हटलं आहे, आणि तुझं ते 91 सैतानानेसुद्धा येशूला ऐकवलं होतं, मंदिराच्या टोकावर उभं करून, उडी मार म्हणून. पहिल्यांदा हसली.

पाच-सहा भेटी नुसता देवावरचा राग. मग एकदा बोलता बोलता थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"कुणीतरी माझी ओढणी धरली होती. मी सोडवून घेतली."

मी काहीच बोलले नाही. बराच वेळ पंख्याचा आवाज. तेव्हा मला कळलं की ही इतके दिवस देवाला जे विचारत होती ते खरं तर स्वतःलाच विचारत होती, आणि त्यानंतर कुणी "देव का" असं विचारलं की मी आधी त्या माणसाने काय पाहिलं ते विचारते.

पुढच्या वेळी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय काढला. शिलोहचा बुरूज पडून 18 माणसं मेली, लोकांना वाटलं पापी असतील, येशू म्हणाला, "नाही." बुरूज का पडला ते तो सांगतच नाही. मी म्हटलं, मेलेले जास्त पापी नव्हते तर वाचलेले जास्त पुण्यवान कसे? तू साक्ष देणं लागत नाहीस गं. पूल अरुंद होता, गर्दी मावत नव्हती, त्याला देवाची मर्जी कशाला म्हणायचं?

तुमच्या घरी असं कुणी असेल तर प्लीज वचनं फॉरवर्ड करू नका, जवळ बसा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर डॉक्टरांकडे न्या, त्याने श्रद्धा कमी होत नाही.

पुढच्या वर्षी 29 तारखेला तिने मिस्सा सांगितली. चिठ्ठीवर मयताचं नाव लिहावं लागतं. तिने लिहिलं, "जिने माझी ओढणी धरली होती." चर्चच्या ऑफिसातल्या मुलाने दोनदा विचारलं म्हणे, नाव काय.